चौरागडावर काय दिसतं

चौतीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात, आम्ही नागपूरहून पचमढीला गेलो. चौरागडाच्या पायऱ्या पाहूनच मी कच खाल्ली. हजारावर पायऱ्या! "पिशव्या सांभाळतो," म्हणत मी खाली चहाच्या टपरीवर बसलो आणि बायको, जयवंता, एकटी वर गेली. उतरली तेव्हा घामाघूम होती, पण गालात हसत होती. वर काय होतं, विचारलं तर म्हणाली, "तुमी चढले असते तं दिसलं असतं."

तेव्हापासून तिचं हेच उत्तर. फोनवर फोटो हवे तेवढे सापडतील, पण मीही हट्टी. पाहीन तर स्वतःच्या डोळ्यांनी.

निवृत्त झालो आणि आमच्या भागातल्या दीक्षाच्या ट्रेकिंग ग्रुपात नाव घातलं. पोरगी पंचविशीची, शिस्त हेडमास्तरांची. दोन महिन्यांनी चौरागडाला जायचं ठरलं तेव्हा तिने नियम सांगितला. आधी रामटेकजवळची एक टेकडी चढून-उतरून दाखवायची. कुणाचा हात धरला की नाव कट.

आता नागपुरात डोंगर आणायचा कुठून? सेमिनरी हिल्स नावालाच टेकडी, बाकी शहर पोळपाटासारखं सपाट. मी आमच्या इमारतीचे दहा मजले धरले. पाठीवर पाच किलो तूरडाळ. जिन्याने वर जायचं, लिफ्टने खाली यायचं, पुन्हा वर. महिनाभरात दमसास वाढला, पोट आत गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधूताईही ग्रुपात होत्या. वय सहासष्ट, माणूस कुहीकडच्या खेड्यातलं. पण जिन्यावर त्या मला एकदाही दिसल्या नाहीत. या बाई तयारी करतात तरी कधी, याचं मला भारी कुतूहल.

परीक्षेच्या रविवारी टेकडी मी सगळ्यांच्या आधी चढलो. छाती फुगवून फोटोही काढला. उतार सुरू झाला आणि दहाव्या पावलाला गुडघे लटलटायला लागले. दगड धरून खालीच बसलो.

"काका, हात देऊ का?" दीक्षाने विचारलं.

"नको!" मी खेकसलो.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. महिनाभर मी नुसता चढलो होतो. उतरायचं सगळं काम लिफ्टने केलं होतं! माझ्या मूर्खपणाचा मला इतका संताप आला की रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात शेजारून सिंधूताई आल्या. तोंड टेकडीकडे, पाठ उताराकडे. आधी पायाचा चवडा टेकवायच्या, मग टाच.

"ताई, उलट्या काहून चालून राहिल्या?"

"चाळीस वर्षं धानाची रोवणी केली, भाऊ. वाकून रोपं लावाची अन् मांगं मांगं सरकाचं. चिखलात काही दिसत नाही, पायच जागा शोधते. वळा तुमी. घाई नोका करू."

मी वळलो. गुडघ्यांची थरथर थांबली नाही, पण सोसण्याइतकी झाली. पायाच्या बोटांनी दगड चाचपत, एकमेकांना हातही न लावता, आम्ही दोघं खाली आलो. पोरं खिदळत होती. दीक्षाने यादी काढली. "उलटं चालू नये असा नियम नाही," म्हणाली आणि माझ्या नावापुढे खूण केली.

घरी आल्या आल्या मी ओरडलो, "पास झालो वं! आता वर काय आहे, ते मीच पाहतो."

जयवंताचा भाजी चिरणारा हात थांबला. "धुकं होतं," ती म्हणाली.

"कुठं?"

"वर. समोरचा हातबी दिसे नाही. एवढी चढली अन् काहीच नाही दिसलं. हे सांगितलं असतं तं तुमी जन्मभर चिडवलं असतं मले."

चौतीस वर्षं! रागवावं की हसावं, मला कळेना. ती मात्र विळी बाजूला सारून उठली.

"दीक्षाले माझं नाव सांगा," ती म्हणाली. "अन् ते उलटं कसं उतराचं, दाखवा मले."

त्या संध्याकाळी लिफ्टने आम्ही दहाव्या मजल्यावर गेलो आणि कठडा धरून, पायऱ्या मोजत, दोघंही जिन्याने उलटे उतरलो.