हुस्नीची नववी

रुमेनाचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि एकविसाव्या वर्षी मोडलं. मधली सात वर्षं तिने नुसता मार खाल्ला. एके दिवशी नवरा "जा आईकडे" म्हणाला, तेवढ्यावर तलाक झाला. हुस्नीला कडेवर घेऊन निघताना तिने मनाशी पक्कं केलं, ही पोर शिकेल, नर्स होईल, कुणाचा हात अंगावर पडू देणार नाही. दर हंगामाला इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या शेतांवर तंबाखूची पानं काठ्यांना बांधून रुमेनाची बोटं काळी पडायची, पण पोरीची शाळा एक दिवस बुडली नाही.

नववीच्या परीक्षेला महिना उरला आणि हुस्नी माहरिपबरोबर पळाली. मुलगी पळवून लग्न करायची तिथली रीतच. माहरिप सतरा वर्षांचा, ट्रकमध्ये वाळू भरणारा. सकाळी वाडीचे प्रमुख अमाक सेनुन निरोप घेऊन आले. पोरगी मुलाच्या मावशीकडे आहे, आता निकाहाचं बोलू.

"पंधराची आहे ती," रुमेना म्हणाली. "एकोणीसच्या आत लग्न लावता येत नाही. एवढं मलाही कळतं."

"कायदा शहरात, इनाक हुस्नी," प्रमुख म्हणाले; तिथे बाईला तिच्या लेकराची इनाक, म्हणजे आई, म्हणूनच हाक मारतात. " रात्र बाहेर काढलीय तिने. उद्या तिला करून घेणार कोण?"

"नको कुणी करून घेऊ दे. मी आणते तिला."

आणलीच तिने. मावशीच्या दारात ठाण मांडून बसली. दुपार कलली तशी त्या लोकांनी वैतागून पोरीला बाहेर पाठवलं.

सोमवारी रुमेना तिला शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापक खालच्या आवाजात म्हणाले, "बाकीच्या आया म्हणतात, ही वर्गात नको. परीक्षेला बसू देतो, त्यापुढे माझा इलाज नाही."

खिडकीतून एका मुलीने विचारलं, "काय गं नवरीबाई, सासूने हाकललं का?"

घरी येताच हुस्नी आईवर उलटली. "तुझ्यामुळे झालं. तिथे निदान कुणाची तरी बायको झाले असते. आता मी कोण आहे?"

पुढच्या आठवड्यात रुमेना कामावरून परतली तर घर रिकामं; हुस्नी पुन्हा माहरिपकडे गेली होती. या वेळी ती मागे गेली नाही. कागदपत्रांशिवायच निकाह लागला.

सहा महिन्यांनी ती तांदूळ घेऊन लेकीला भेटायला गेली. हुस्नीला चौथा महिना होता. डावा डोळा सुजून मिटला होता. सासू शेजारीच लसूण सोलत होती.

"चल माझ्याबरोबर," रुमेना हळूच म्हणाली.

"कुठे, इनाक? शाळेत?" हुस्नीने विचारलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

सासूने कॉफी आणून ठेवली. रुमेना ती प्यायली आणि तांदूळ चुलीजवळ ठेवून ऊन उतरायच्या आत चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावरचा मुकादम कामाला चल म्हणून हाका मारत आला. "कणकण आहे," एवढंच सांगून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.