षष्ठीची तार

सुप्रभाबाईंच्या सासरी वैशाख शुद्ध षष्ठीला गोड शिजत नसे. अक्षय्य तृतीयेच्या पुरणपोळ्या उरल्या असतील तर त्याही त्या दिवशी घरात ठेवायच्या नाहीत, बाहेरच्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. देवापुढे एक पितळी डबी मांडायची, तिच्यावर तुळशीचं पान ठेवायचं आणि पिठलं-भाकरी खाऊन दिवस काढायचा. डबी मात्र उघडायची नाही. उघडली की आतली बातमी पुन्हा घरात शिरते, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं.

आत एक जुनी तार आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबईत सासरच्या खापरपणजोबांच्या हातात ती पडली आणि ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. त्यानंतर वर्षभर ते कुणाशी बोलले नाहीत. आधी घोडागाडी गेली, मग घर गेलं. एवढं दुःख घेऊन तार आली म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं घरानं धरून चाललं. कोण गेलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

सुप्रभाबाई ब्रिटनमधल्या कार्डिफला आल्या तेव्हा डबीही त्यांच्याबरोबर आली. नवरा तिथल्या इस्पितळात डॉक्टर होता. तो वारल्यावरही षष्ठी चुकली नाही. उरलेल्या पोळ्या गेली पंधरा वर्षं शेजारच्या डोरीनकडे जात. डोरीन इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, सत्तरीकडे झुकलेली काळी बाई. जन्म कार्डिफच्या गोदीतला, बोलणंही तिथलंच. तिचे आजोबा अमेरिकेतून जहाजावर खलाशी म्हणून आले आणि इथेच राहिले.

पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, की आज हे कशाबद्दल. आमच्या घरात आजच्या दिवशी कुणीतरी गेलं, असं सुप्रभाबाईंनी सांगितलं. डोरीननं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली ती घासूनपुसून, आणि तिच्यात बागेतलं एक पांढरं फूल होतं. मग दर वर्षीच ताटलीत फूल यायला लागलं. सुप्रभाबाई ते डबीपाशी ठेवत.

१९९३ साली नात अनुराधा बारा वर्षांची होती. शाळेत अमेरिकेतलं यादवी युद्ध चाललं होतं. बाईंनी गृहपाठ दिला होता, की गेल्या शतकातली एखादी गोष्ट आपल्या घराशी कुठे जोडलेली आहे ते शोधा. षष्ठीच्या सकाळी अनु डबीसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, तो टेलिग्राममध्ये कोण डेड झाला ते आपण बघू या ना."

सुप्रभाबाई रविवारी एका भाड्याच्या सभागृहात मुलांना मराठी शिकवत. विचारणाऱ्या मुलाला गप्प बसवायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. तो सासूबाईंच्या नेमापुढे उभा राहिला तेव्हा त्या थोडा वेळ घुटमळल्या. मग त्यांनी तुळशीचं पान उचललं आणि नखानं झाकण सैल केलं.

कागद पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. इंग्रजी अक्षर मात्र स्वच्छ होतं. वर १ मे १८६५. खाली चार वाक्यं. दक्षिणेचं सैन्य शरण आलं. अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस कोसळतो आहे. मिळेल त्या भावाने विका.

सुप्रभाबाईंनी कागद उलटून पाहिला. मागे कुणाचंच नाव नव्हतं.

"म्हणजे कुणीच नाही मेला?" अनुनं विचारलं.

मग ती वही आणायला धावली आणि शाळेत शिकलेलं सांगायला लागली. उत्तर विरुद्ध दक्षिण, चार वर्षं, सहा लाखांवर माणसं मेली. दक्षिणेतल्या मळेवाल्यांना गुलाम सोडायचे नव्हते, म्हणून ते देशातून फुटून निघाले. उत्तरेनं त्यांची बंदरं अडवली, त्यांचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. गिरण्यांनी मग मुंबईचा कापूस उचलला आणि मुंबईचे व्यापारी बघता बघता गब्बर झाले. युद्ध संपलं, चाळीस लाख गुलाम सुटले. नात बोलत राहिली. आजीच्या कानांत मात्र एवढंच घुमत होतं, की घोडागाडी त्या युद्धानं दिली आणि शांततेनं नेली.

त्यांची नजर तारेवरून खाली गेली. डबीपाशी गेल्या वर्षीचं फूल सुकून पडलं होतं. डोरीनचे आजोबा लहानपणी गुलाम होते, हे तिनंच कधीतरी कुंपणावरून गप्पा मारताना सांगितलं होतं. कापसाच्या बोंडांनी चिरलेली त्यांची बोटं तिनं लहानपणी हातात धरली होती. आणि त्याच बाईनं आजोबांच्या सुटकेच्या सुतकाला पंधरा फुलं वाहिली होती. आपण ती वाहू दिली होती.

सुप्रभाबाईंचा मुलगा गिरीश जेवायला घरी आला आणि सगळं ऐकून वैतागला. सव्वाशे वर्षांपूर्वीचं प्रकरण, त्यात आपला काय दोष, डोरीनला सांगून म्हातारपणी एक चांगली मैत्रीण घालवायची आहे का, आणि अनुनं शाळेसाठी दुसरं काहीतरी लिहावं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. या गल्लीत सुप्रभाबाईंना डोरीनशिवाय कोण होतं?

"गिरीश, मुलानं गणित चुकवलं तर मी पान फाडू देत नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे तर माझंच चुकलंय."

त्यांनी पोळ्यांची ताटली घेतली आणि शेजारचं दार वाजवलं. दारातच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. डोरीन चौकटीला हात लावून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं ताटलीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"पंधरा फुलं, सू," ती हळू आवाजात म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

सुप्रभाबाई घरी आल्या आणि ताटली मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. षष्ठीला घरात गोड होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं. अनु येऊन शेजारी बसली.

तासाभरानं घंटी वाजली. डोरीन कोट घालून आली होती, जणू शेजारून नव्हे, लांबून आली होती. ती तार मला बघायची आहे, असं म्हणाली.

चष्मा लावून तिनं ती वाचली. मग तारखेवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"मे महिन्याची पहिली तारीख," ती म्हणाली. "तुमच्या मुंबईत?"

सुप्रभाबाईंनी मान हलवली.

"माझे आजोबा टेक्ससमध्ये होते. नऊ वर्षांचे. तिथे उत्तरेचं सैन्य येऊन गुलाम सुटल्याचं सांगेपर्यंत जूनची एकोणीस तारीख उजाडली. तोवर ते कापसातलं तण काढत होते."

अनुनं बोटांवर हिशेब केला, पण आकडा मोठ्यानं म्हणायचा तिला धीर झाला नाही. सात आठवडे. समुद्रापलीकडे एक व्यापारी त्या मुलाच्या सुटकेनं खचून पायरीवर बसला होता आणि तो मुलगा अजून वाकून तण उपटत होता.

"आणि सुटल्यावर?" सुप्रभाबाईंनी विचारलं.

डोरीननं सांगितलं, की सुटल्यावर जमीन मिळाली नाही. त्याच मळ्यावर अर्ध्या पिकाच्या बोलीनं राबायचं, मत द्यायला गेलं तर मार खायचा. म्हणून आजोबा समुद्रावर पळाले. सांगताना ती सुप्रभाबाईंकडे बघत नव्हती, अनुच्या वहीकडे बघत होती.

"दोन्ही तारखा लिही," ती अनुला म्हणाली. "शेजारी शेजारी. तुझी आणि माझी."

अनु लिहायला बसली. सुप्रभाबाईंनी तार डबीत घातली नाही, वहीशेजारी उघडीच ठेवली. डोरीननं जाताना पोळ्यांची ताटली उचलली. आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताटली दारात होती. घासूनपुसून, रिकामी.