काचेची पट्टी

काचेची ती पट्टी बोटभर लांब होती. ऑक्टोबरात गवंड्याने ती चर्चमधल्या सज्जाच्या तुळईखाली, भिंतीतल्या भेगेवर आडवी चिकटवली आणि म्हणाला, "ही फुटली, तर भिंत अजून सरकतेय असं समजा." नाताळच्या आदल्या दुपारी एमेशे पाळकबाईंनी तिच्यावरून नख फिरवलं. ताज्या चुन्याखाली, अगदी मधोमध, काचेच्या तड्यात नख अडलं.

"सणासाठी भिंत उजळून घेतली," चर्चचे कारभारी देनेशकाका म्हणाले. "भेग शोधून दाखवा आता!"

दोन आठवड्यांपूर्वीच पाळकबाईंना काचेवर तडा दिसल्यासारखा वाटला होता. उद्या बोलू, परवा बोलू, असं करत त्या गप्प राहिल्या. गावातली पहिली बाई पाळक भेगेला घाबरली, असं कोणी म्हणायला नको होतं.

"बरं, प्रवचन म्हणून दाखवा," काकांनी घड्याळ काढलं. "आठ मिनिटं, त्यापुढे नाही. पाय गोठतात लोकांचे. मागचे पाळक पाऊण तास बोलले, तेव्हा पुढच्या बाकावरचा चांगा घोरायला लागला आणि त्याच्या बायकोने मध्येच 'आमेन' म्हणून मोकळं केलं सगळ्यांना."

"काका, वर नको—"

पण आवाज पोचतो का बघायला ते सज्जाचा जिना चढूनसुद्धा गेले होते.

उद्या त्याच सज्जावर गावातले साठ तरुण उभे राहणार होते आणि शेवटच्या गीताला, रिवाजाप्रमाणे, बुटांनी ठेका धरणार होते. खाली म्हाताऱ्या बायकांची बाकं होती. प्रत्येकीची भरतकामाची उशी तिच्या जागेवर आताच मांडलेली होती.

पाळकबाई व्यासपीठावर गेल्या. त्यांनी प्रवचनाचा कागद उलगडला.

"देवदूत मेंढपाळांना म्हणाला, भिऊ नका..."

"मोठ्याने! भिऊ नका म्हणताना तुमचेच दात वाजताहेत, पाळकबाई. पोरं असा दणका देतात, त्याच्यावर आवाज चढायला हवा." काकांनी गमतीने बूट आपटला. एकदा. दोनदा.

तुळईच्या टोकापाशी काहीतरी करकरलं. पांढऱ्या भुकटीची बारीक धार, घाई न करता, रोझालीआबाईंच्या लाल उशीवर पडत राहिली. पाळकबाई ती थांबायची वाट बघत होत्या. ती थांबली नाही.

"काका, खाली या. कडेकडेने. पाय न आपटता."

त्यांच्या आवाजानेच काकांचा चेहरा उतरला. भिंत धरत ते खाली आले. उशीकडे बघून त्यांनी टोपी काढली.

"गाव काय म्हणेल?" ते पुटपुटले. "नाताळच्या उपासनेतलं प्रभुभोजन या छपराबाहेर कधी झालेलं नाही."

"मेंढपाळ उघड्यावरच होते, काका." पाळकबाईंनी कागदाची घडी घातली. "चर्चला आत्ता कुलूप लावा. उद्याची उपासना शाळेच्या अंगणात होईल. आणि हे का, ते मी स्वतः सगळ्यांना सांगणार आहे. दोन आठवडे गप्प राहिले, तेही."