मैनेचा नेम

"तार आधी तापू दे गं, मग शिसं लाव. थंड तारेवरचं शिसं दिसतं चकचकीत, पण धरत काय नाय."

बाबांना जाऊन वर्ष उलटलं, तरी टेबलाशी बसलं की मैनेच्या कानात पहिला हाच आवाज यायचा. चौक गावच्या नाक्यावर, मुंबई-पुणे रस्त्याला लागून, नागू रेडिओवाल्याचं दुकान होतं. नागूनं लेकीला दुरुस्ती शिकवली, आणि शेवटच्या वर्षात तिच्याबरोबर एक वेडही धरलं. एका मासिकात घरी बनवायच्या कॉम्प्युटरचा नकाशा आला होता. त्याबरहुकूम बापलेक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक सुटा भाग आणायचे आणि बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायचे. सगळे भाग जमले आणि नागू गेला. डबा टेबलाखाली तसाच राहिला.

मैनेचा थोरला भाऊ पोपट टेंपो चालवायचा. पोशीर-कळंबचा तांदूळ भरून पनवेलला न्यायचा. तिथं त्यानं एका दुकानात व्हिडिओ गेम पाहिला आणि त्याच्या डोक्यात तो घुसलाच. पनवेलचा दुकानदार अदलाबदलीला तयार होता. डब्यातले भाग आणि नागूची मोजमापाची यंत्रं त्याला द्यायची, त्यानं दोन गेम द्यायचे.

"चहाला इथं किती गाड्या थांबतात बघ ना काका," पोपट भिवाजीकाकांना म्हणाला. नागूच्या मागं घरातला शब्द काकांचाच होता. "पोरं रांग लावतील. बाबांचं टेबल तेवढं काढायला लागंल."

"आणि कॉम्प्युटर?" मैनेनं विचारलं.

"तो काय भात कांडतो काय?" काका हसले. "तयार वस्तू मिळतेय पोरी. डब्यातल्या किड्यांचं काय लोणचं घालायचंय?"

मैना पुढं काही बोलली नाही. ती मुळातच हळू बोलणारी. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट न घेणारी. तिनं मान खाली घातली की घरातले समजायचे, पोरगी कबूल झाली. त्यांची चूक व्हायची ती इथंच.

आखाडी एकादशी उजाडली. या घरातल्या बायका त्या दिवशी चातुर्मासाचा नेम घेत, आणि त्याची रीत ठरलेली होती. घरातला वडील माणूस देवापुढं बसायचा. बाईनं ओंजळ पुढं करायची, त्यानं तीत पाणी घालायचं आणि म्हणायचं, "तुझा नेम तो घराचा नेम." बाईनं पाणी ताम्हणात सोडायचं आणि मगच नेम सांगायचा. आधी विचारणं म्हणजे देवाशी घासाघीस. पाणी सुटलं की त्या नेमात कुणी मोडता घालायचा नाही.

मैनेची आई, चंद्राबाई, हिनं वांगी सोडली. गौराकाकूनं रोज गोपद्मं काढायचं धरलं. मग मैनेनं ओंजळ पुढं केली. काकांनी पाणी घातलं, म्हणायचं ते म्हणाले. पाणी ताम्हणात पडलं.

"रोज आंघोळ करून, दिवा लावून बाबांच्या टेबलाशी बसायचं," मैना म्हणाली, "आणि कॉम्प्युटरला एक तरी डाग द्यायचा. शिशाचा. कार्तिकी एकादशीपर्यंत. त्या दिवशी सुरू करून दाखवायचा."

पोपट उसळला. "हा कसला नेम? देवाला ठकवतेस काय गं?"

"ठकवायचं असतं तर मी पण वांगी सोडली असती, दादा. मला कुठं आवडतात?"

काकू पदरात तोंड घालून हसली. काकांनी ताम्हणाकडं पाहिलं, मग मैनेकडं. "पोरी, तू मला पकडलंस."

"तुमी शब्द दिलात काका. मी नुसती ओंजळ पुढं केली."

"पाणी सुटलं," चंद्राबाई म्हणाली. "आता कुणी काय बोलायचं नाय."

तरी पुढच्या रविवारी पनवेलचा माणूस आलाच. येऊ नको असा निरोप पोपटानं त्याला मुद्दामच धाडला नव्हता. काकांचं मन फिरलं तर फिरलं. त्या माणसानं गेमची पेटी दुकानातल्या टीव्हीला जोडली. पडद्यावर विमानं उडाली, गोळ्या सुटल्या, आणि निम्मा नाका दारात जमा झाला. काकांनीसुद्धा गेमची दांडी हातात घेतली आणि विमान पाडल्यावर "आयला!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडले की चहावाला भांडं टाकून बघायला आला.

मैना पाहत होती ती पोपटाकडं. दांडी हातात आल्यावर त्याचं तोंड लहानपणी ओढ्यात मासा सापडल्यावर व्हायचं तसं झालं होतं. दिवसभर घाटातल्या ट्रकांच्या मागं धूर खाणारा तिचा दादा तिथं नव्हताच. गिऱ्हाइकाचं तो नुसतं सांगतो, हे तिला तेव्हा कळलं. गेम त्याला स्वतःला हवा होता.

"बघा ताई," पनवेलचा माणूस म्हणाला, "लावला की सुरू. उगाच शिसं जाळत कशाला बसायचं?"

"यातलं विमान काढून दुसरं काय घालता येईल?" मैनेनं विचारलं.

"दुसरी कॅसेट घ्यायची."

"ती कोण करतं?"

"परदेशात करतात."

"आणि मला करायची असली तर?"

तो हसला. "गेम करायचा नसतो ताई. खेळायचा असतो."

"मग तो तुमचा तुमाला राहू दे," मैना म्हणाली. आवाज नेहमीचाच, तुळशीपुढं असतो तेवढाच. "दुसऱ्यानं आखलेल्या वाटेवर आमी किती वेळ नाचायचं?"

काकांनी नाइलाजानं दांडी खाली ठेवली. "घरात नेम चाललाय. कार्तिकीनंतर या."

"तोवर दुसरं गिऱ्हाईक मिळंल मला."

"मिळू दे," मैना म्हणाली.

पेटी गेली. पोपट टेंपोला किल्ली मारायला निघाला, तशी मैना मागं गेली. "दादा, तुला गेम मी देईन. माझ्या यंत्रावर. मी केलेला."

"तू?" पोपट म्हणाला. "जा गं. डाग दे जा." आणि तो बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही.

पावसानं चौक धुऊन काढलं. मैनेचा नेम चालू होता. एकदा वीज गेली ती दोन दिवस आली नाही. नाक्यावर चर्चा झाली की आता नागूच्या पोरीचा नेम मोडतो. मैनेनं फळीवरून बाबांची डाग द्यायची जुनी तांब्याची कांडी काढली, चुलीतल्या निखाऱ्यात तापवली आणि पदराच्या आडोशानं दुकानात नेली. दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं स्वतःच निखारे ओढून ठेवले होते.

भाद्रपदात एक चिप उलटी बसली. वीज लावताच तापली, मैनेच्या बोटाला फोड आला. ती चिप काढायला आठवडा गेला, कारण खालची तांब्याची पट्टी उखडू द्यायची नव्हती. "नेमाला फोड आला म्हणं," पोपट जेवताना म्हणाला. बऱ्याच दिवसांनी बोलला, तेही टोचून. मैनेनं त्याला आमटी वाढली. फोड आलेल्या बोटानंच.

कार्तिकी एकादशीला देवाला नैवेद्य दाखवून सगळे दुकानात जमले. मैनेनं दिवा लावला, मग बटण दाबलं. टीव्हीवर आधी नुसती खरखर झाली. मग पडदा काळा झाला आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन उघडझाप करू लागला.

"पुढं?" काकांनी विचारलं.

"पुढं मी काय सांगीन ते."

तिनं कळा दाबल्या. पडद्यावर इंग्रजीत नागूचं नाव उमटलं. चंद्राबाईला ते वाचता येत नव्हतं, पण कुणाचं आहे हे तिनं विचारलंही नाही.

पोपट वाकून बघत होता. "गेम कुठाय यात?"

"अजून नाय."

"मग झालं काय एवढे महिने मरून?" तो सरळ उभा राहिला. "काका, नेम संपला. आता टेबल उचलायचं ना?"

काका मैनेकडं बघत राहिले. उद्यापन झालं होतं. आडोशाला आता ताम्हणातलं पाणी नव्हतं, कुणाचा शब्द बांधलेला नव्हता.

"नाय उचलायचं," मैना म्हणाली. "आता देवाला पुढं करून सांगत नाय. मी सांगते. हे टेबल माझं हाय. मी इथंच बसणार."

"काका, ऐकताय ना?"

काकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "ऐकलं की. नेम होता तेव्हा ती हळू बोलत होती. आता पण हळूच बोलतेय. आवाज चढवला असता तर तिला गप करता आलं असतं रं." ते उंबऱ्याबाहेर पडले. "चला, फराळ गार होतोय."

एकेक जण गेला. पोपट शेवटी निघाला. जाताना त्यानं त्या चौकोनाकडं एकदा रागानं आणि एकदा नुसतंच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं झालं. ऊन दुकानाच्या पायरीवर आलं होतं, रस्त्यानं ट्रक घाटाकडं चालले होते. मैना टेबलाशी बसली. आज द्यायला डाग नव्हता. घाटातली नागमोडी वाट, समोरून अंगावर येणारे ट्रक, आणि त्यांना चुकवत जाणारा एक छोटा टेंपो, असं काहीसं तिच्या डोळ्यांपुढं होतं. पडद्यावर टेंपो कसा काढायचा ते तिला अजून ठाऊक नव्हतं. तिनं पदर खोचला, मासिक मांडीवर उघडलं आणि गेमची पहिली ओळ लिहायला घेतली.