मास्तरांच्या चित्रातला हात

चित्रात चेहरा ज्याचा त्याचा असतो. हात मात्र कुणाचेही असतात. पादुआतले सगळे चितारी असंच करतात. मोठी माणसं तीन सकाळी येऊन बसतात, नाकडोळे उतरले की आपल्या वाटेला लागतात. मग झगा चढतो लाकडी पुतळ्यावर आणि हात घ्यायचे घरातल्या कुणाचे तरी. आमच्या दादाला घरबसल्या मिळायचे ते माझे. आजवर मी दोन वकील, एक वैद्य आणि एक बिशप झाले आहे.

ग्रीक शिकवणारे लाझ्झारो मास्तर मात्र तीनऐवजी सात सकाळी आले. "नाक नीट आलं नाही," म्हणायचे, आणि दादाची पाठ वळली की स्वयंपाकघरात येऊन कांद्याचं सार मागायचे. एवढा विद्वान माणूस, पण पाव बुडवायला गेला की बाहीसुद्धा बुडायची. मी विधवा, तिशी उलटलेली, तोंडाने फटकळ. तरी ते मला आवडायला लागले होते, लपवून काय करू?

आठव्या दिवशी दादा म्हणाला, "झुआना, हात दे. चित्र विचेन्झाला जायचंय. तिथल्या रेशीमवाल्याला जावई बघायचाय."

"मला कुणी बोललं नाही ते!"

"तुला कशाला सांगायचं? तुझा नुसता हात लागतोय."

दरवेळी मी डावा हात द्यायची, कारण उजव्यावर पावाच्या भट्टीने भाजल्याचा भला मोठा डाग आहे. त्या दिवशी मी उजवा पुढे केला. दादा समोर दिसेल ते काढतो, डोकं चालवत नाही. पुस्तकावर टेकलेला मास्तरांचा हात डागासकट हुबेहूब उतरला. मास्तर आले, चित्राकडे बराच वेळ बघत राहिले, "छान," म्हणाले आणि घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी तेच चित्र काखोटीला मारून मास्तर हजर!

"रेशीमवाला म्हणतो, हात भाजलाय म्हणजे हा माणूस घरात भट्टी पेटवून शिशाचं सोनं करत बसत असणार. याला मुलगी दिली तर हुंड्याचा आठवड्यात धूर होईल!"

दादाने कपाळावर हात मारला. "एक तास द्या मास्तर, डाग बुजवतो. पुन्हा पाठवा." मग माझ्याकडे वळला. "आणि तू गं? डावं-उजवं कळत नाही तुला?"

"चांगलं कळतं," मी म्हणाले. जीभ आवरेना. "मुद्दामच दिला उजवा. ते लग्न मला नको होतं. आता काय बोलायचं ते बोला."

मास्तरांनी चित्र सावकाश भिंतीला टेकवलं.

"सात दिवस ज्या हातचं सार प्यालो, तो मला ओळखू येणार नाही होय?" ते म्हणाले. "बघितल्याबरोबर ओळखला. तुमच्या दादाच्या लक्षात येऊन त्याने डाग बुजवायच्या आत पळवलं चित्र, आणि त्याच दुपारी विचेन्झाला धाडून दिलं."