तारीख घोटीला होती

नाशिक लांब पडतं म्हणून आमच्या भागातल्या तीन गावांना मिळून एक कोर्ट झालं. साहेब एकच. काही वार ते वाडीवऱ्ह्याला बसायचे, काही वार घोटीला, काही वार इगतपुरीला. लोकांची सोय झाली म्हणून पेढे वाटले. मी काही तो पेढा खाल्ला नाही. नाशिकला निदान डोळे मिटून जाता यायचं. आता कुठल्या वारी कुठं, ह्यातच डोकं भणाणून जायचं, आणि जरा लक्षात राहिलं की वार बदलायचे.

दावा माझा, ठमाबाईचा. समोरची पार्टी म्हणजे माझा धाकटा दीर, खंडेराव. माझ्या भाताच्या वावराला जायची वाट त्याच्या बांधावरून आहे. मालक वारले आणि त्यानं तिथं काटे टाकले. कोर्टाच्या मनाई हुकमामुळं वाट तेवढी उघडी राहिली होती. दावा गेला की हुकूमही जाणार. ऐन लावणीत भाताची रोपं घेऊन मी काय आभाळातून जाणार होते?

एरवी आम्ही एकमेकांचं तोंड बघत नसू. तारखेला मात्र एकाच जीपनं जायचो. तो आधी पोचून साहेबांच्या कानात काही सांगेल, ही मला धास्ती. त्यालाही माझी तीच.

त्या गुरुवारी फाट्यावर दोन जीपा उभ्या होत्या, एक घोटीची, एक इगतपुरीची. वकिलांनी गाव सांगितलं होतं, पण ते माझ्या डोक्यातून साफ उडालं होतं. दिराला विचारायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. एवढ्यात तो इगतपुरीच्या जीपकडं निघाला. मी मागोमाग गेले आणि आत बसले. तोही बसला.

इगतपुरीला कोर्टाच्या खोलीला कुलूप. धुक्यात समोरचं झाड दिसेना. ओसरीवर तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. बराच वेळ झाला तरी कोणी फिरकेना. शेवटी मीच तोंड उघडलं.

"भाऊजी, तारीख इथंच हाय ना?"

"मला काय ठावं? तुमी आत बसल्या, म्हनून मी बसलो."

"मी तुमच्याकडं बघून आले."

"मी तंबाखू मागाया गेल्तो त्या डायवरकडं."

हसावं की त्याच्या डोक्यात दगड घालावा, मला कळेना. धावतपळत घोटी गाठली. तिथं कळलं, पुकारा होऊन गेला, दोन्ही बाजू गैरहजर, दावा काढून टाकला. आमच्या दोघांचे वकील मागून एकाच रिक्षातून उतरले. तेही वारात गोंधळून आधी वाडीवऱ्ह्याला जाऊन आले होते.

दावा गेला, हुकूम गेला. मी डोळ्याला पदर लावला. खंडेराव मात्र बावचळून आपल्या वकिलाला विचारत होता, "म्हंजी मी जिकलो का हारलो?"

"जिंकलात. आता गप घरी चला," वकील हळूच म्हणाले.

माझे वाल्मीक वकील म्हणाले, "ठमाबाई, रडू नका. दावा परत चालू करायचा अर्ज देऊ. पण तुम्ही यायला निघाला होतात, चुकून इगतपुरीला गेलात, हे शपथेवर सांगणारं कोणी पाहिजे. सोबत कोण होतं?"

सोबत कोण होतं ते माझ्या समोरच उभं होतं. अशा माणसाकडं मागायचं तरी काय?

"मी व्हतो की," खंडेराव म्हणाला.

त्याच्या वकिलांनी त्याची बाही ओढली. "अहो, तुम्ही समोरची पार्टी. तुमचंच नुकसान करून घेताय."

"वाटंचं काय ते मी भांडंन, साहेब. पन वहिनी आल्या व्हत्या. माझ्या शेजारी बसून आल्या. आल्या नाय असं कसं म्हनू?"

मला भडभडून आलं आणि त्याच दमात संतापही आला. सरळ विचारलं, "येवढं खरं बोलता, तर मंग वाट का अडवता माझी?"

"ती माझी हाय म्हनून," तो म्हणाला, आणि माझ्या बाजूच्या अर्जावर सही करायला त्यानं माझ्याच वकिलांकडं पेन मागितलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.