लसूण ठेचायचा दगड

लतिकाच्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. दिनशॉकाकांनी तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, ती दाराबाहेर! आणि तिनंच दिलेला दगड मात्र चांदीच्या तबकात, हार घालून आत जाणार होता.

हे १९८५ सालचं. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या पारशी मंडळींनी दिनशॉकाकांच्या पुढाकारानं एक जुनं ऑफिस घेऊन त्यात अग्नीची खोली केली होती. आज तिथली पहिली नवजोत, म्हणजे पारशी धर्मदीक्षा, होती, लतिका आणि केरसीच्या आठ वर्षांच्या फ्रेनीची. बाप पारशी म्हणून पोरगी आत, आई नागपूरची बौद्ध म्हणून बाहेर. वा रे न्याय! "आई, यू विल सिट इन फ्रंट, ना? मी प्रेअर विसरले तर?" फ्रेनीनं गाडीत विचारलं होतं, आणि लतिकानं शब्द दिला होता.

दगड इराणातला. लग्नाआधी, भूगर्भशास्त्र शिकताना, ती तिथल्या एका डोंगरावर गेली होती. वर निळंशार तळं आणि काठाशी पुरातन अग्निमंदिराच्या पडक्या भिंती. तिथं कुणी तिचा जात-धर्म पुसला नाही. राखणदारानं तिला अग्नीच्या ओट्याशेजारी बसवून चहा पाजला आणि ओढ्यातला हा दगड हातात दिला. पुढे तो तिच्या किचनमध्ये लसूण ठेचायच्या कामी आला. दिनशॉकाका जेवायला आले तेव्हा तो कुठला हे कळताच त्यांनी डोळ्यांना लावला आणि अग्नीच्या खोलीसाठी मागून घेतला. तिच्या किचनमध्ये त्याचं काय काम, हे काही त्यांनी विचारलं नाही.

"दिकरी, नियम म्हणजे नियम," काका आता म्हणाले.

"लतू, सीन नको यार. अर्ध्या तासाचा तर प्रश्न," केरसी पुटपुटला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

केरसी बुटांकडे बघत राहिला. लतिकाला त्याचीच जास्त चीड आली.

"माझ्या आजोबांना देवळाबाहेर उभं केलं, तर त्यांनी देऊळच सोडलं. आणि मी इथं येऊन खुर्ची दिली म्हणून आभार मानू?"

तिनं तबकातला दगड उचलला, हार काढून केरसीच्या हातात कोंबला आणि दगड दाराच्या फटीत घट्ट बसवला. दार लागेना. दगड ढकलायला काकांनी पाय पुढे केला.

"पाय लावू नका काका, पवित्र आहे तो!"

काका गडबडून हातानं उचलायला वाकले.

"उचला की! रोज लसूण ठेचते मी त्याच्यावर. परवा धनसाक बोटं चाटून खाल्लंत ना, त्यातलासुद्धा. माझ्या हातानं हा बाटला असेल, तर हात लावू नका. बाटला नसेल, तर मला का अडवता?"

काका वाकलेले तसेच राहिले. हात पुढे जाईना, मागेही येईना. आत दस्तुरांनी, म्हणजे पारशी पुरोहितांनी, फ्रेनीला समोर बसवून प्रार्थना सुरू केली.

मध्येच फ्रेनी अडखळली. तिनं घाबरून दाराकडे पाहिलं. समोर आई उभी होती, डोळे लाल. पोरीला पुढचा शब्द आठवला.

केरसीनं हळूच खुर्ची पुढे सरकवली. लतिकानं ती लाथेनं उडवली आणि शेवटपर्यंत तिथंच उभी राहिली.